नॅशनल पार्क पासपोर्टचे शिक्के: जर्सी ते व्हर्जिनिया रोडट्रिप, आईबाबा आणि चौथीतली लेक सोबत, रूट सांगा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) असतो. जूनमध्ये शाळा सुटली की आठवडाभर गाडी काढायचा विचार चाललाय, गाडीत आम्ही दोघं, चौथीतली लेक आणि सांगलीहून आलेले माझे आईबाबा. लेकीला वाढदिवसाला कोणीतरी ते निळं पासपोर्टचं पुस्तक दिलं, नॅशनल पार्कवालं, ज्यात प्रत्येक पार्कला गेलं की तिथला शिक्का मारायचा, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. लिबर्टी आणि एलिस आयलंडचे शिक्के मारून झालेत, आता तिला "खरी ट्रिप" पाहिजे.

डोक्यात रूट असा आहे: फिलाडेल्फिया, गेटिसबर्ग, तिथून खाली हार्पर्स फेरी, शेनान्डोआ, मग यॉर्कटाऊन-जेम्सटाऊन आणि परत येताना डीसी. नवरा म्हणतो हे म्हणजे काउंटरवर जा, शिक्का मार, गाडीत बस, पुढचं गाव, त्यापेक्षा कुठेतरी समुद्रावर चार दिवस पडून राहू. बाबा पोस्टातून रिटायर झालेत, शिक्का म्हटल्यावर त्यांचा होकार आधीच आलाय. आईचे गुडघे दुखतात आणि तिला लढाया-बिढाया यात काडीचा इंटरेस्ट नाही, ती म्हणते तुम्ही जा मी गाडीत बसते, जे मला नकोय.

तर प्रश्न असे की एवढं सगळं आठवड्यात बसेल का, का काही गाळू? शिक्के नेमके कुठे असतात, प्रत्येक ठिकाणी तिकीट काढूनच आत जावं लागतं का? आणि व्हिजिटर म्हणून आलेल्या आईबाबांना यंदापासून जास्त पैसे पडतात असं ऐकलंय ते कितपत खरं? खाण्याचं पण सांगा, बाबांना दोन दिवस सँडविच चालतं, तिसऱ्या दिवशी चेहरा पडतो.

भटक्या_फिली

आधी नवऱ्याला सांगा की यात पळापळ व्हायची का नाही हे रूटवर अवलंबून असतं, पुस्तकावर नाही, आणि तुमचा रूट मात्र पळापळीचाच आहे 😀 एकच बदल करा, शेनान्डोआ किंवा यॉर्कटाऊन यातलं एक ठेवा. शेनान्डोआचा स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैल आहे आणि स्पीड लिमिट ३५, त्यात हरणं, अस्वलं, दर मैलाला थांबायला जागा, तो रस्ता घाईने करण्यात काही अर्थच नाही. तिथून यॉर्कटाऊन म्हणजे अख्खं व्हर्जिनिया आडवं कापायचं. मी असतो तर यॉर्कटाऊन गाळलं असतं.

आता शिक्क्यांचं. बहुतेक ठिकाणी शिक्का व्हिजिटर सेंटरच्या माहिती काउंटरवर नाहीतर तिथल्या पुस्तकांच्या दुकानात ठेवलेला असतो, त्यासाठी तिकीट लागत नाही, कोणी विचारत पण नाही. नाही दिसला तर विचारा, कधीकधी ड्रॉवरमध्ये ठेवतात. व्हिजिटर सेंटर साधारण ५ ला बंद होतं आणि ही सगळ्यात मोठी गोची आहे, पार्क सूर्यास्तापर्यंत उघडं, पण शिक्का कुलपात. म्हणून दिवसाचा शेवटचा स्टॉप कधीही शिक्क्याचा ठेवू नका, पोचल्या पोचल्या आधी शिक्का, मग निवांत बघा.

शिक्का गोल असतो, वर जागेचं नाव, मधे तारीख, खाली गाव आणि राज्य. शेजारी शाईचा पॅड आणि कच्च्या कागदांची चळत ठेवलेली असते, त्या कागदावर लोकांनी मारलेल्या ठशांचा नुसता गिचमिड काला झालेला असतो. पहिला ठसा तिथेच मारा. दोन गोष्टी कळतात, शाई सुकलीये का आणि तारीख बरोबर आहे का, कारण तारखेची चाकं हाताने फिरवावी लागतात आणि सकाळी सकाळी गेलात तर कालचीच तारीख बसलेली असू शकते, काउंटरवर सांगितलं की बदलून देतात. पुस्तकावर मारताना पान सपाट धरा, शिक्का सरळ खाली, न हलवता, आणि लगेच पुस्तक मिटू नका, समोरच्या पानावर उलटा उमटतो. मधे टिश्यू घाला. पण हे सगळं मी कोणाला सांगतोय, तुमच्याकडे पोस्टातले बाबा आहेत!

गंमत म्हणजे अमेरिकन लोक या ठशाला "कॅन्सलेशन"च म्हणतात, तिकिटावर मारतात तसं. १९८६ पासून चालू आहे हा प्रकार. पुस्तकात देशाचे नऊ भाग केलेत, तुमचा हा सगळा प्रवास त्यातल्या नॉर्थ अटलांटिक, मिड-अटलांटिक आणि नॅशनल कॅपिटल या तीनच भागांत होणार, त्यामुळे मिड-अटलांटिकची पानं झपाट्याने भरतील. लेकीला सांगा ठसे जवळजवळ मार.

टॉम्या_९०

यंदा ४ जुलैच्या आसपास फिलीत पाऊल ठेवू नका. देशाचं २५० वं वर्ष, त्यात त्याच दिवशी तिथे फुटबॉल वर्ल्डकपची मॅच. हॉटेलचे रेट बघून बाबांचा चेहरा पहिल्याच दिवशी पडेल.

आणि हे शिक्के आईबाबांच्या खऱ्या पासपोर्टवर मारू नका. हसू नका, लोक हौसेने मारतात आणि मग इमिग्रेशनला उत्तरं देत बसतात.

मीठभाकर

कृष्णाकाठ, मी मेरिलँडला असते, सासूसासऱ्यांना घेऊन यातला बराचसा भाग केलाय म्हणून लिहिते.

पैशांचं आधी. १ जानेवारी २०२६ पासून १६ वर्षांवरच्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे लावलेत हे खरं, पण ते फक्त ११ पार्कांत, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन असली मोठी मंडळी, आपल्या बाजूचं मेनमधलं अकेडिया आणि खाली फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स. तुमच्या रूटवरचं एकही त्यात नाही. वर्षाचा पास रहिवाशांना ८० आणि परदेशी लोकांना २५० झालाय. पण तुम्हाला तोही नको, लेक चौथीत आहे ना? चौथीच्या मुलांना वर्षभर फुकट पास असतो, "एव्हरी किड आउटडोअर्स" नावाचा, ऑगस्ट ३१ पर्यंत चालतो. वेबसाइटवर मुलीने छोटंसं काहीतरी भरायचं असतं आणि मग तो मिळतो. गाडीमागे पैसे घेणाऱ्या ठिकाणी अख्खी गाडी त्यावर आत जाते. शेनान्डोआ ३० डॉलर, हार्पर्स फेरी २०, तेवढे तर तिथेच वाचले. गेटिसबर्गचं रणांगण, व्हॅली फोर्ज, लिबर्टी बेल, डीसीतली स्मारकं हे तसंही फुकट आहे. गेटिसबर्गच्या म्युझियमला आणि त्या गोल भिंतीवरच्या भल्यामोठ्या चित्राला मात्र वेगळं तिकीट.

आईंबद्दल. त्यांना गाडीत बसायचंय ना, मग गेटिसबर्गला तेच करा! तिथे परवानाधारक गाइड मिळतो, तो तुमच्याच गाडीत बसतो आणि तुमचीच गाडी चालवत दोन तास सगळं दाखवतो. तुम्ही पाच जण आहात तेव्हा त्याला धरून सहा सीटं लागतील, मिनीव्हॅन घ्या. आधी बुक करावा लागतो. आमच्या गाइडने लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीवर गाडी थांबवली आणि सासूबाईंना विचारलं की तुमच्या गावाकडे डोंगरावर किल्ले असतात ना, मग तुम्हीच सांगा इथे वर कोण असायला पाहिजे आणि खाली कोण. सासूबाई खाली उतरल्या, कठड्यापर्यंत गेल्या आणि पुढचा अर्धा तास प्रश्न विचारून त्याला बेजार केलं. अमेरिकेच्या यादवी युद्धातले जुलै १८६३ चे ते तीन दिवस आणि ५१ हजारांच्या आसपास माणसं मेलेली, जखमी, बेपत्ता. लढाईचा इंटरेस्ट नसतो असं आपण म्हणतो, आकडे आणि तारखा सांगणाऱ्याचा कंटाळा आलेला असतो खरंतर.

शिक्के कशाला गोळा करायचे हे मला सासूबाईंना समजावता येईना, तर त्याच म्हणाल्या, अगं नर्मदा परिक्रमेला वहीत आश्रमाचे शिक्के घेतात तसंच ना. संपला विषय. नंतर त्याच पुस्तक पर्समध्ये घेऊन फिरत होत्या.

खाण्याचं म्हणाल तर सकाळची भ्रांत नको, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी दोन-तीन दिवस मजेत टिकतं, छोटा राइस कुकर बरोबर ठेवा आणि किचनेटवाली रूम बघा. ८१ नंबरच्या हायवेला बरीच मोटेलं पटेलांची आहेत, एका ठिकाणी काकूंनी सासूबाईंचा गुजराती-मराठी-हिंदी मिक्स गप्पांचा रात्री अकरापर्यंत फड जमवला आणि सकाळी चहा आपला उकळलेला. डीसीच्या बाजूला लॅनहॅमला शिवविष्णू मंदिर आहे, दर्शन आणि खाली कँटीन, बाबांचा चेहरा तिथे उजळेल.

अजून एक. जूनअखेरीला गवतात गोचीड असतात आणि लाइम डिसीज या पट्ट्यात कॉमन आहे. फुल पँट, पँट मोज्यात, आणि संध्याकाळी सगळ्यांचे पाय, गुडघ्यामागे, केसांत, नीट बघून घ्या. हे लिहिताना मजा येत नाही पण लिहायला पाहिजे.

अण्णा_रिचमंड

भटक्या, यॉर्कटाऊन गाळा म्हणतोस? मराठी माणसाने अमेरिकेतली एकच ऐतिहासिक जागा बघायची म्हटली तर मी यॉर्कटाऊनच सांगेन. सांगलीकर बाबा बरोबर आहेत म्हणून तर दुप्पट जोर देऊन सांगेन.

ऐका. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला इंग्रज फौज शरण आली आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध जवळजवळ तिथेच संपलं. सेनापती कोण, तर लॉर्ड कॉर्नवॉलिस. शरणागतीच्या समारंभाला तो आलाच नाही, आजारी आहे म्हणून निरोप पाठवला आणि हाताखालच्या ओहारा नावाच्या अधिकाऱ्याला तलवार द्यायला पुढे केलं. आता एवढा मोठा पराभव झालेल्या माणसाचं इंग्रजांनी काय करावं? पाच वर्षांनी, १७८६ ला, त्याला गव्हर्नर जनरल करून हिंदुस्थानात धाडला! बंगालची कायमधारा पद्धत १७९३ ची, ती याचीच. आणि त्याच्या आधी टिपूबरोबरच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो स्वतः श्रीरंगपट्टणवर चालून गेला तेव्हा त्याच्या बाजूने कोण होतं? निजाम आणि मराठे. मराठ्यांच्या फौजेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. आता सांगलीकरांना पटवर्धन कोण हे मी सांगायचं का? परशुरामभाऊ तासगावच्या पटवर्धनांतले आणि सांगलीचं संस्थान त्याच घराण्याचं. म्हणजे वॉशिंग्टनसमोर तलवार द्यायला जो माणूस गेला नाही तो दहा-अकरा वर्षांनी परशुरामभाऊंच्या शेजारी छावणी टाकून बसला होता. नंतर १८०५ ला होळकरांशी युद्ध चालू असताना त्याला परत पाठवला, आणि दोन-तीन महिन्यांत गाझीपूरला वारला. तिथे कबर आहे त्याची.

हे सगळं यॉर्कटाऊनच्या बोर्डावर लिहिलेलं नाही. बाबांना तिथे शरणागतीच्या मैदानावर, सरेंडर फील्ड म्हणतात, उभं करा आणि हे सांगा, मग बघा शिक्का किती जोरात मारतात ते.

जवळच रिडाऊट ९ आणि १० आहेत, मातीचे बुरूज म्हणा, १४ ऑक्टोबरच्या रात्री एक फ्रेंचांनी घेतला आणि एक अलेक्झांडर हॅमिल्टनच्या हाताखालच्या अमेरिकनांनी. चालणं फार नाही, रणांगणाचा टूर गाडीतूनच आहे, आईंना त्रास नाही.

जेम्सटाऊनला एक घोळ होतो तो टाळा. "जेम्सटाऊन सेटलमेंट" नावाचं मोठं म्युझियम आहे, जहाजांच्या प्रतिकृती वगैरे, मुलांना आवडतं, पण ते राज्य सरकारचं. १६०७ ची खरी वसाहत जिथे होती, जिथे अजून उत्खनन चालतं आणि जिथे तुमचा शिक्का आहे ते "हिस्टॉरिक जेम्सटाऊन", रस्त्याने थोडं पुढे. तिथे पार्कचा पास चालतो पण उत्खनन करणाऱ्या संस्थेचे वेगळे पैसे द्यावे लागतात, गेटवर वाद घालू नका.

भटक्या_फिली

अण्णा, हरलो. परशुरामभाऊ काढल्यावर काय बोलणार. मग शेनान्डोआ गाळा 🙏 तो ऑक्टोबरमध्ये पानं रंगल्यावर वेगळा वीकेंड काढून करा, तेव्हाच खरा बघावा.

मग असं करा: फिली, गेटिसबर्ग, अँटिएटम, हार्पर्स फेरी, डीसी, यॉर्कटाऊन-जेम्सटाऊन. अँटिएटम गेटिसबर्गपासून तासाभरावर आणि हार्पर्स फेरीच्या वाटेवरच आहे. १७ सप्टेंबर १८६२ च्या एका दिवसात तिथे तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढी कधी नाही. आता तिथे मक्याची शेतं आणि एक छोटा दगडी पूल आहे. गर्दी नसते, तास-दीड तास पुरे.

हार्पर्स फेरीला गाडी वर व्हिजिटर सेंटरला लावायची आणि शटलने खाली गावात जायचं. दोन नद्या मिळतात, पोटोमॅक आणि शेनान्डोआ, संगमच म्हणा. १८५९ ला, म्हणजे आपल्या सत्तावन्ननंतर दोनच वर्षांनी, जॉन ब्राऊनने गुलामांच्या बंडासाठी तिथलं शस्त्रागार लुटायचा प्रयत्न केला आणि पकडला गेला. तो ज्या बंबखान्यात अडकला होता ती इमारत पुढे सुटी करून शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात नेली होती आणि परत आणली, अमेरिकन लोक काय करतील नेम नाही.

फिलीत इंडिपेन्डन्स हॉलचं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, माणशी एक डॉलर. लिबर्टी बेलला तिकीट नाही, सिक्युरिटीची रांग आहे.

टॉम्या_९०

एक प्रामाणिक प्रश्न. डीसीत लोक एका दुपारी लिंकन, जेफरसन, वॉशिंग्टन मॉन्युमेंट, किंग, रूझवेल्ट सगळे शिक्के मारून मोकळे होतात, अर्ध्यांनी तर स्मारकाकडे मान वर करून पण बघितलेलं नसतं. याला ट्रिप म्हणायचं? आणि पुस्तक घरी विसरलं तर कागदावर मारून नंतर चिकटवतात, ते चालतं का तुमच्यात?

मीठभाकर

चालतं, न चालायला काय झालं? पोलीस थोडेच येणारेत. कागदावर मारून आणा आणि चिकटवा. माझा मुलगा बाबा कामावर असले की त्यांच्यासाठी एक जास्तीचा कागद मारून आणतो, ते मला जरा खटकतं, जो गेलाच नाही त्याचा शिक्का कशाला? पण आपापल्या घरचा कायदा.

बघितलं न बघितलं त्यावर एक उपाय आहे. लेकीला ज्युनियर रेंजरचं पुस्तक घ्यायला लावा, व्हिजिटर सेंटरमध्ये मागितलं की बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं. त्यातली पानं सोडवायची तर जागा बघावीच लागते, पाट्या वाचाव्या लागतात. मग रेंजर हात वर करून शपथ देतो आणि बॅज लावतो. आजोबांना पण करू द्या, बहुतेक ठिकाणी वयाची अट नसते. माझे सासरे सत्तरीला ज्युनियर रेंजर झालेत.

डीसीत आईंसाठी व्हीलचेअर बरोबर ठेवा, लाज नको, नॅशनल मॉल, म्हणजे स्मारकांमधलं ते लांबलचक मैदान, दिसतो त्यापेक्षा फार लांब आहे. पूर्वीची स्वस्त सर्क्युलेटर बस २०२४ च्या शेवटी बंद झाली. संध्याकाळी जा, ऊन उतरलेलं असतं आणि स्मारकं रात्री जास्त छान दिसतात, फक्त शिक्क्याचं दुकान किती वाजता बंद होतं ते त्या दिवशी बघून घ्या.

कृष्णाकाठ

अहो काय मंडळी आहात! बाबांना अण्णांची पोस्ट वाचून दाखवली, ते म्हणाले परत वाच. मग कपाटातून इतिहासाचं पुस्तक नाही म्हणून चिडले आणि आता फोनवर परशुरामभाऊंचं काहीतरी शोधत बसलेत. यॉर्कटाऊन फिक्स, शेनान्डोआ ऑक्टोबरात, तोवर आईबाबा इथेच आहेत.

फिली आम्ही ट्रिपमधून काढून टाकतोय, तासाभराचं अंतर आहे, वर्ल्डकपचा गोंधळ ओसरला की ऑगस्टमध्ये एका दिवसात करू. आणि नवऱ्याची अट मान्य केलीये, यॉर्कटाऊनहून व्हर्जिनिया बीचला दोन दिवस काही न करता पडायचं. त्याने पण मान्य केलं की मॅपवर बघितलं तर हे त्याच्याच सोयीचं झालंय.

एक विचारायचं राहिलं, निघायच्या आधी लेकीला सराव म्हणून जर्सीतच जवळ काही आहे का शिक्क्यासाठी? वीकेंडला आईचा पण अंदाज येईल किती झेपतं ते.

भटक्या_फिली

एडिसनला राहून हे विचारताय? थॉमस एडिसन नॅशनल हिस्टॉरिकल पार्क! पण ते एडिसनमध्ये नाही, वेस्ट ऑरेंजला आहे. तुमच्या गावाला त्याचं नाव १९५४ ला दिलं कारण मेनलो पार्कची जुनी लॅब तुमच्याकडे होती, शिक्का मात्र वेस्ट ऑरेंजच्या लॅबचा. त्याच बाजूला मॉरिसटाऊन आहे, वॉशिंग्टनची फौज १७७९-८० चा भयानक हिवाळा तिथे राहिली होती. १९३३ ला देशातलं पहिलं नॅशनल हिस्टॉरिकल पार्क म्हणून तेच झालं. आणि पॅटरसनचा ग्रेट फॉल्स, ७७ फुटांचा धबधबा भर गावात, पाऊस पडून गेल्यावर जा. आईंना तोच आवडेल, लढाई नाही.

जायच्या आदल्या रात्री पार्कच्या पानावर उघडं आहे का बघा, छोट्या जागा आठवड्यातले काही दिवस बंदच असतात.

अण्णा_रिचमंड

जेम्सटाऊन ते यॉर्कटाऊन कॉलनियल पार्कवेनेच जा, २३ मैल, नदीकाठचा रस्ता. वाटेत पेट्रोल पंप एकही नाही, आधी भरून घ्या. आणि एका दुपारी माझ्याकडे चहाला थांबा, रिचमंड वाटेवरच आहे, मेसेज करतो. बाबांना म्हणावं पटवर्धनांवर माझ्याकडे पुस्तक आहे.